काजळी, पाणी आणि ताईचा इन्व्हर्टर

दिल्लीला माणसं लाल किल्ला बघायला जातात, नाहीतर सरकारी टेबलावर अडकलेली फाईल हलवायला जातात. मी आणि हनीफभाई गेलो ते एक बरणी काजळी पाण्यात मिसळून दाखवायला. परत आल्यापासून स्टाफरूममध्ये रोज कोणी ना कोणी विचारतं, "मॅडम, नक्की झालं काय तिकडे?" आणि प्रत्येकाला सांगताना माझी गोष्ट थोडी थोडी बदलते, असं हनीफभाईंचं म्हणणं आहे. म्हणून एकदाच लिहून टाकते. ते वाचणार आहेत, तेव्हा जे झालं तेच लिहावं लागेल.

हनीफभाई मुल्ला आमच्या इचलकरंजीच्या कॉलेजात काचेचं काम करतात. प्रयोगशाळेतली फुटलेली नळी जोडणं, हवी तशी चंबू-बरणी फुंकून देणं, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा व्यवसाय. मी तिथेच रसायनशास्त्र शिकवते. गेली चार वर्षं आम्ही दोघं मिळून एक खटाटोप करतोय, आणि त्याच्याबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

काजळी आणि पाणी यांचं पटत नाही. पाण्यावर काजळी टाका, ती वर तरंगत बसेल. ढवळा, तर गुठळ्या होऊन तळाशी जाईल. कापडावर काळा रंग छापणारे लोक तिला पाण्यात टिकवायला साबणासारखं काहीबाही घालतात आणि मग त्या साबणाचा त्रास भोगतात. आमची युक्ती वेगळी. हनीफभाईंनी फुंकलेल्या काचेच्या भांड्यात पाणी आणि काजळी घालायची, त्यात वेल्डिंगच्या दुकानातून आणलेल्या दोन धातूच्या काड्या अगदी जवळजवळ बुडवायच्या, खालून माशांच्या पेटीचा छोटा पंप लावून बुडबुडे सोडायचे आणि निऑनच्या पाटीचा जुना ट्रान्सफॉर्मर जोडायचा. काड्यांच्या मधल्या बुडबुड्यात जांभळा उजेड पेटतो. याला प्लाझ्मा म्हणतात, म्हणजे विजेनं पिसाळलेला वायू. पाण्याच्या आत पेटलेला हा उजेड काजळीच्या कणाची कातडीच बदलतो. मग तोच कण पाण्यात सुखानं राहतो, साबण लागत नाही. एवढंच आमचं शास्त्र. एकच अट, पाणी अगदी कोरं पाहिजे. त्यात क्षार असले की वीज पाण्यातूनच पळून जाते आणि उजेड पेटत नाही.

आम्ही निघालो तेव्हा हनीफभाईंच्या वर्कशॉपच्या भिंतीला एक नवीकोरी पाटी टेकवून ठेवलेली होती. निळ्यावर पिवळी अक्षरं: "संगणक कक्ष". प्राचार्यांचं फार चुकत होतं असंही नाही. गावातल्या प्रत्येक बापाला आपल्या मुलीला कॉम्प्युटर शिकवायचा होता आणि काचेची नळी आता मुंबईहून तयार मिळत होती. वर्कशॉप बंद झालं की हनीफभाईंना उरलेली तीन वर्षं ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायला बसवणार होते. माझ्या रदबदलीनंतर प्राचार्य एवढंच म्हणाले की, बाहेरच्या एखाद्या कंपनीनं तुमचं काम घेतल्याचं पत्र आणा, मग बघू. पानिपतचे एक सतरंज्या-कांबळ्यांचे कारखानदार, अरोराजी, त्यांनी आमचा एक लेख वाचून 'येऊन करून दाखवा' असं पत्र पाठवलं होतं. त्यांचं नवं ऑफिस गुडगावात होतं, कारखाना पानिपतलाच. आम्हाला पानिपतलाही जायचंय हे कळल्यावर स्टाफरूममधून निरोपाचं वाक्य आलं, "तेवढं पानिपत होऊ देऊ नका म्हणजे झालं."

हनीफभाई हसले नाहीत. ते भांडं कशात भरायचं याच्या विचारात होते.

लक्ष्मीबाई नगर

भांडं त्यांनी चुरमुऱ्यात भरलं. पत्र्याचा मोठा डबा, मधोमध काचेचं भांडं आणि भोवती दाबून चुरमुरे. थर्माकोलपेक्षा हे बरं, फुटलं तर निदान झाडायला सोपं, असं ते म्हणाले. तो डबा मिरजेपासून निजामुद्दीनपर्यंत त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही. माझ्याकडे काजळीची बरणी आणि पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन होता. कॉलेजात मीच दोनदा ऊर्ध्वपातन केलेलं पाणी, त्यावर माझ्या अक्षरातलं लेबल.

उतरलो ते माझ्या मामेबहिणीकडे, सुधाताईकडे. भाऊजी केंद्र सरकारात अधिकारी, त्यामुळे लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर. खाली कडुनिंब, वर गच्चीत वाळत घातलेल्या लोणच्याच्या फोडी, शेजारी एक तमिळ, एक बंगाली आणि एक जळगावकर. दिल्लीत वीस वर्षं काढूनही ताईच्या घरात पाऊल टाकलं की फोडणीचा वास इचलकरंजीचाच येतो. भाषा मात्र थोडी उन्हात ठेवल्यासारखी झालीय.

"अगं बस यार आधी, किती दमलीस," ताई म्हणाली. "हनीफभाई, तुम्ही पण बसा. बिल्कुल संकोच करायचा नाही. पंखा लावते. लाईट गेली तरी चिंता नाही, इन्व्हर्टर आहे."

इन्व्हर्टरचं तिला कौतुक होतं, आणि का नसावं. दिल्लीत विजेचा लपंडाव रोजचा आणि गल्लीतल्या घराघरात एकेक जड बॅटरी येऊन बसलेली. भाऊजी तिची देखभाल सरकारी काटेकोरपणानं करत. पाणी कधी घातलं त्याची तारीख कॅलेंडरवर लिहीत.

मी न्हाऊन बाहेर आले तर ताईच्या स्वयंपाकघरातून लसणाचा घमघमाट. परातीत भडंग तयार. शेंगदाणे, कढीपत्ता, सगळं साग्रसंगीत. आणि ओट्यावर हनीफभाईंचा डबा, आतलं काचेचं भांडं धुऊन पालथं घातलेलं.

"किती दिवसांनी आपल्याकडचे चुरमुरे मिळाले गं," ताई म्हणाली. "इकडचे अगदीच चिवट असतात. आणि हा फ्लॉवरपॉट फार गोड आहे, पण याला एवढी भोकं कशाला?"

हनीफभाईंनी भांडं उचललं, उजेडात फिरवून पाहिलं, सुखरूप आहे याची खात्री केली आणि मग मुकाट्यानं भडंगाचा बकाणा भरला. "पॅकिंग झकास झालंय वहिनी," ते म्हणाले.

आम्ही पोट धरून हसलो. खरं म्हणजे तेव्हाच मला कळायला हवं होतं. दिल्लीतल्या मराठी घरात 'तिकडून' आलेल्या माणसाच्या सामानाचा एक नियम आहे. कपडे पाहुण्याचे, बाकी सगळं घरचं. मेतकूट, काकवी, कांदा-लसूण मसाला मी आणलाच होता. ते सगळं मी ओट्यावर मांडलं आणि जागा होती म्हणून त्याच्याच शेजारी पाण्याचा कॅनही ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आत भाऊजी चार्टर्ड बसनं ऑफिसला गेलेले होते. ताईनं थालीपीठं बांधून दिली. मी कॅन उचलला, लेबल माझ्याच अक्षरात होतं, वजन जिथल्या तिथे. आम्ही टॅक्सीत बसलो.

गुडगाव

गुडगाव म्हणजे काय हे इचलकरंजीत बसून सांगणं अवघड आहे. एक शेत, त्यात म्हैस. म्हशीच्या मागे पंधरा मजली काचेची इमारत. इमारतीच्या पुढे रस्ता नाही, खड्डा. खड्ड्याच्या पलीकडे मॉल, आणि मॉलच्या दारात विमानतळावर असतो तसा तपासणीचा दरवाजा. माणसं मात्र सगळी घाईत आणि खुशीत. सगळ्यांना नुकतंच काहीतरी मिळालंय किंवा उद्या मिळणार आहे. मला ते आवडलं, हे कबूल करते. हनीफभाईंना काच आवडली. "एवढी काच उन्हात लावायची," ते मान वर करून म्हणाले, "आन् मग आतनं थंड करायला यंत्रं लावायची. कमाल हाय."

अरोराजी साठीचे, अंगानं भरलेले, मोकळ्या स्वभावाचे. वडील फाळणीत सगळं सोडून पानिपतला आले आणि एका मागावर सुरुवात केली, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. चहा आला तो दुधाचाच होता, त्यात चहा शोधावा लागत होता. मी आधी तयार केलेल्या शाईची बाटली पुढे केली, तर त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"मैडमजी, बोतल तो कोई भी ले आता है," ते म्हणाले. "मेरे सामने बनाओ. फिर रात भर रखेंगे. सुबह नीचे बैठ गई तो नमस्ते. चार बजे मुझे पानिपत निकलना है."

अकरा वाजले होते. आम्हाला मागच्या बाजूची एक खोली दिली. हनीफभाईंनी भांडं मांडलं, काड्या बसवल्या, पंप लावला. मी कॅनमधलं पाणी ओतलं, वर चिमूटभर काजळी सोडली. बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर घुमला आणि घुमतच राहिला. जांभळा उजेड नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भांडं मात्र तापायला लागलं.

अरोराजी आत येऊन बघून गेले. "गरम पानी तो हमारा गीज़र भी कर देता है जी," एवढंच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

मी काड्यांमधलं अंतर कमी केलं, जास्त केलं, ट्रान्सफॉर्मरला शिव्या घातल्या. हनीफभाई शांतपणे खुर्चीवर बसले होते. मग त्यांनी कॅनमधलं थोडं पाणी टोपणात घेतलं आणि पिऊन बघितलं.

"मॅडम, ट्रान्सफॉर्मरला काय न्हाई झालेलं. ह्या पाण्याला चव हाय."

"म्हणजे?"

"तुमच्या पाण्याला चव नसती. बेचव, तोंडात कोरं लागतं. हे प्यायचं पाणी हाय. चांगलं हाय एकदम."

मी अरोराजींच्या ऑफिसातून ताईला फोन लावला. "अगं ते ना," ताई म्हणाली, "ते ह्यांनी सकाळी बॅटरीत घातलं. इतके खूश झाले, म्हणाले, बघ, आठवणीनं इतक्या लांबून आणलं. इथे चांगलं मिळतच नाही. आणि रिकामा कॅन कशाला ठेवायचा, म्हणून तुमच्यासाठी उकळून गाळून पाणी भरलं त्यात. गुडगावचं पाणी तोंडात घालू नका हं. का गं, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "सहज विचारलं. पाणी छान आहे."

फोन ठेवला. चार वर्षांची मेहनत ताईच्या दिवाणखान्यात पंखा फिरवत होती. राग कुणावर करायचा तेही कळेना. माणसांनी प्रेमानं केलं होतं सगळं, आणि कॅन तिथे ठेवणारी मीच.

मग आमची शोधमोहीम सुरू झाली. आधी समोरचा मॉल. सरकत्या जिन्यावर हनीफभाई चढेनात, म्हणून दोघंही साध्या जिन्यानं वर गेलो. तिथल्या दुकानात पाण्याची एक अख्खी भिंत होती. हिमालयाचं पाणी, परदेशी झऱ्याचं पाणी, बुडबुड्यांचं, लिंबाचं, जीवनसत्त्वं घातलेलं. आम्हाला ज्यात काहीच नाही असं पाणी हवं होतं, ते त्यांच्याकडे नव्हतं. विकणारी पोरगी बिचारी कोड्यात पडली. काहीच नसलेल्या पाण्याला गिऱ्हाईक असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

रिक्षा करून जुन्या गुडगावात गेलो. तिथे बॅटरीच्या दुकानात कॅन मिळाला. हनीफभाईंनी खिशातून रेल्वेतला साबणाचा तुकडा काढला, तळहातावर पाणी घेतलं आणि चोळला. फेस नाही, नुसती पांढरी साय. पाणी जड, म्हणजे क्षारांचं.

"बहनजी, पूरा गुडगाँव यही डालता है," दुकानदार म्हणाला.

"डालने दो," हनीफभाई म्हणाले, आणि साबण पुसून परत खिशात ठेवला.

रस्त्याच्या कडेला छोले-कुलचे खाल्ले. मी अर्धी प्लेट तशीच सोडली. हनीफभाईंनी दोन प्लेटी संपवल्या आणि वर कच्चा कांदा मागून घेतला. मला त्यांची शांतता सहन होईना. मी म्हणाले, "तुम्हाला काहीच वाटत नाही का? ती पाटी तुम्ही रोज बघत होता ना?"

"वाटतंय की," ते म्हणाले. "शिक्का मारायला हात बसत न्हाई माझा. मी घरी मारून बघितला." आणि त्यांनी कुलच्याचा शेवटचा तुकडा छोल्यात बुडवला. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच दुकानाची पाटी वाचत बसले.

अडीच वाजता परतलो. पुढच्या दारानं जायला तोंड नव्हतं, म्हणून इमारतीच्या मागच्या बाजूनं आत शिरायला गेलो. मागची भिंत म्हणजे नुसती एसीची खोकी, आणि प्रत्येकाखालून एकेक नळी थेंब थेंब गळत असलेली. गणपती नुकतेच होऊन गेले होते, हवा दमट होती, थेंब भरभर पडत होते. एका नळीखाली बादली ठेवून इमारतीचे चौकीदार आपला पांढरा शर्ट धूत बसले होते. मिशी पिळदार, पाठ ताठ, फौजेतून निवृत्त झाल्याचं सांगावं लागू नये अशी. रामफलजी त्यांचं नाव, रेवाडीकडचे. बादलीतून फेस बाहेर येऊन जमिनीवर वाहत होता.

आम्ही दोघं एकदमच थांबलो. हनीफभाईंचा हात खिशातल्या साबणाकडे गेला.

"इतना झाग?" मी विचारलं.

"बोरिंग के पाणी में तो साबण लागै ए कोन्या, मैडम," रामफलजी म्हणाले. "यो एसी का पाणी सै. घणा मीठा."

बोअरच्या पाण्यात साबण लागतच नाही, हे एसीचं पाणी मात्र अगदी मऊ, असं त्यांचं म्हणणं. 'पाणी' ते आपल्यासारखंच म्हणतात. ताईचं घर सोडलं तर दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी पाण्याला पाणी म्हणत होतं. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. काचेची इमारत थंड करताना हवेतली वाफ निवून जे पाणी गळतं, ते म्हणजे हवेनंच ऊर्ध्वपातन केलेलं पाणी. मी हे दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते. तरी मला ते शर्टाच्या फेसात बघितल्यावर सुचलं.

रामफलजींनी शर्ट बाजूला केला, बादली विसळली आणि आणखी दोन नळ्यांखाली डबे लावले. कशासाठी ते त्यांनी विचारलंही नाही. आम्ही पाणी दोनदा गाळण कागदातून गाळलं. हनीफभाईंनी चाखलं. "कोरं," ते म्हणाले.

सव्वातीनला बटण दाबलं. आधी चुरचुर आवाज आला, फोडणीत मोहरी पडल्यावर येतो तसा. मग बुडबुड्यात जांभळा ठिपका पेटला. मी पडदे ओढले. अरोराजी खुर्ची ओढून भांड्यासमोर बसले आणि दारातून रामफलजी डोकावत राहिले. वर तरंगणारी काजळी हळूहळू खाली उतरू लागली, धूर उतरावा तशी, आणि अर्ध्या तासात भांड्यात एकसारखी काळीभोर शाई.

"आज तो मिल गई," अरोराजी म्हणाले. "कल सुबह पानिपत में देखेंगे, टिकती है कि नहीं." ती बाटली त्यांनी स्वतः गाडीत ठेवली. शेजारी नुसती ढवळलेल्या काजळीची एक, तुलनेसाठी.

ते गेल्यावर आवराआवर करताना एक गोष्ट झाली. हनीफभाईंनी काळी झालेली काचेची कांडी ताईनं कॅनमध्ये भरून दिलेल्या पाण्यात बुडवली. आमची शाई त्या पाण्यात उतरली आणि बघता बघता फाटली. काळे कण गोळा होऊन तळाशी बसले. जड पाण्यातले क्षार आमच्या कणांना पुन्हा एकमेकांना चिकटवत होते. आम्ही कॉलेजात नेहमी कोऱ्या पाण्यातच काम केलेलं, त्यामुळे हे कधी दिसलंच नव्हतं.

हनीफभाईंनी माझ्याकडे बघितलं.

"हे आत्ता विसरा," मी म्हणाले. "पत्र हातात पडू दे. मग आपण यावर काम करू."

त्यांनी कांडी पुसून ठेवली.

संध्याकाळी जेवताना भाऊजींनी विचारलं, "मग, झाला का तुमचा प्रयोग?" मी म्हणाले, "हो, अगदी मस्त." हनीफभाईंनी घास खाली ठेवला.

"साहेब, तुम्ही बॅटरीत घातलेलं पाणी आमच्या प्रयोगाचं होतं. सकाळी जरा खोळंबा झाला," ते म्हणाले. "पर नंतर जमलं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. न सांगता गेलो असतो तर पुढच्या पाहुण्याचं पण घातलं असतं तुम्ही."

ताईनं कपाळाला हात लावला. भाऊजींचा चेहरा बघवेना. मी टेबलाखालून हनीफभाईंना खुणावत होते, पण त्यांचं लक्ष आमटीकडे होतं. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी सगळेच हसत होते, आणि माझ्या 'अगदी मस्त'नं जे झालं नसतं ते त्यांच्या खऱ्या बोलण्यानं झालं. तरी मी मनात त्यांच्यावर चिडलेच होते.

पानिपत

सकाळी अरोराजींनी गाडी पाठवली होती. कारखान्याच्या रस्त्याला लागलो आणि मागांचा खडखडाट ऐकू आला, तशी मी डोळे मिटून घेतले. अगदी इचलकरंजी. फरक एवढाच की आमच्याकडे धोतरं-लुंग्यांचं सूत, इथे जुन्या लोकरीच्या कपड्यांचे डोंगर. ते चिरून, पिंजून पुन्हा कांबळी विणतात. नाश्त्याला पराठा आणि त्यावर पानिपतचं लोणचं. त्यात पाचसहा भाज्या एकत्र नांदत होत्या आणि मी दोनदा मागून घेतलं.

रंगाईखान्यात मास्टरजी होते. सत्तरीचे, हात कोपरापर्यंत निळे. अरोराजींचं बोट धरून त्यांना रंग शिकवलेला हा माणूस, त्यामुळे मालक कोण हे तिथे जरा अस्पष्टच होतं. दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या होत्या. साध्या काजळीच्या बाटलीत वर स्वच्छ पाणी आणि तळाला काळा थर. आमच्या बाटलीत वरपासून खालपर्यंत काळं. मास्टरजींनी ती पालथी करून बूड निरखलं, बोट लावलं, वास घेतला.

"नहीं बैठी," ते म्हणाले.

अरोराजी खूश होऊन हसले. "चलो मैडमजी, लिखवाओ चिट्ठी," म्हणाले. मी पर्समधून कॉलेजचा पत्ता काढायला लागले.

"साब, एक मिनट," हनीफभाई म्हणाले. "लिखने के पहले ये भी देख लेना."

मी काय होतंय हे ओळखायच्या आत ते नळाशी गेले होते. काचेच्या पेल्यात कारखान्याच्या बोअरिंगचं पाणी घेतलं आणि आमच्या बाटलीतली शाई त्यात ओतली. सगळ्यांच्या समोर ती फाटली. काळे गोळे सावकाश तळाशी जाऊन बसले.

मला ती निळी पाटी दिसली, आणि ग्रंथालयातलं टेबल, आणि त्याच्यामागे शिक्का धरून बसलेले हनीफभाई. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. हे मला करता आलं नव्हतं.

"हार्ड पानी में ये टिकती नहीं," हनीफभाई पेला टेबलावर ठेवत म्हणाले. "कल ही मालूम पड़ा. आप बाद में देखते तो बोलते, मराठे झूठ बोल के गए."

अरोराजींनी मास्टरजींकडे बघितलं. मास्टरजींनी पेला उचलला, उजेडात धरला आणि बराच वेळ त्या गोळ्यांकडे बघत राहिले.

"अरोराजी," ते म्हणाले, "पचास साल से रंगवाले आ रहे हैं. किसी ने अपना रंग अपने हाथ से फाड़ के नहीं दिखाया." मग हनीफभाईंकडे वळून, "ये नल तो हाथ धोने का है मियाँ. रंग के लिए हमारा पानी पहले मशीन से मीठा होता है. उसमें डाल के दिखाओ."

पलीकडच्या टाकीतलं, यंत्रानं जडपणा काढलेलं पाणी आणलं. हनीफभाईंनी शाई ओतली. ती पसरली, आणि पसरूनच राहिली. आम्ही चौघं त्या पेल्याभोवती उभे होतो, चहा गार होईपर्यंत.

पत्र अरोराजींनी तिथेच टाईप करून घेतलं. वर्षभर चाचणी घेणार, भांडी कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच बनणार. एक ओळ त्यांनी स्वतः पेनानं खाली लिहिली, "बर्तन यही आदमी बनाएगा." मी ती ओळ वाचली आणि मला रडू आलं. मास्टरजींनी माझ्यासाठी दुसरा चहा मागवला, यावेळी साखर दुप्पट.

ड्रायव्हर म्हणाला, इतक्या लांबून आलात तर लढाईची जागा बघून जा, सगळे मराठे जातात. गेलो. मोकळं मैदान, थोडी झाडं, एक दगडी खांब. मी हात जोडले, हनीफभाईंनी हात पसरून दुआ मागितली. परत गाडीत बसताना ते म्हणाले, "स्टाफरूमवाल्यांना सांगा, ह्या खेपेला परत आलो म्हणून."

निघायच्या दिवशी भाऊजी निजामुद्दीनला आले ते हातात पाच लिटरचा नवा कॅन घेऊन. ऑफिसातून अर्धी रजा टाकून कुठल्याशा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून आणला होता. "अस्सल आहे," ते म्हणाले. "दुकानदारासमोर साबण लावून बघितला." ताईनं डब्यातल्या भांड्याभोवती दिल्लीचे चिवट मुरमुरे दाबून भरले होते. वाटेत त्यांना कुणी हात लावला नाही.

प्राचार्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. संगणक आता जुन्या जिमखान्याच्या खोलीत बसवणार आहेत, आणि त्यासाठी नवी पाटी करायला टाकलीय, कारण जुनी मिळत नाही. मी आज वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा ती बघितली. हनीफभाईंनी तिला दोन स्टुलांवर आडवी टाकून फळी केलीय. अक्षरं खाली. वर भाऊजींचा कॅन, आणि त्याच्या शेजारी पानिपतला जायची पहिली तीन भांडी, चुरमुऱ्यांची वाट बघत.